एका रेषेला अकरा दिवस का लागतात?

जळगावला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलंय : "लहानपणापासून गाड्या काढतो. एसयूव्हीचं एक स्केच सगळ्यांना आवडलं, पण तेच ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं तर गाडी मेल्यासारखी दिसते. मी कोणतं सॉफ्टवेअर शिकू? आणि आता एआय मिनिटभरात पन्नास गाड्या काढून देतं, तर कंपन्यांना एका गाडीला तीन-चार वर्षं का लागतात?"

मी मूळचा पाचोऱ्याकडचा. सव्वीस वर्षं पुण्यात गाड्यांच्या डिझाइन स्टुडिओत काढली, त्यातली पहिली सहा मातीची मॉडेलं करण्यात गेली. वयाने तू माझ्या मुलाएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो.

तू प्रश्न तीन विचारलेस, पण मुळाशी एकच आहे : कागदावर जिवंत असलेली गाडी कागदाबाहेर आली की मरते का? हे माझं झालंय आणि माझ्याबरोबर शिकलेल्या प्रत्येकाचं झालंय. स्केच काढताना आपण आपल्याला आवडलेल्या चार गोष्टी ठासून दाखवतो आणि उरलेली गाडी धूसर सोडतो. बघणारा ती आपल्या मनाने पूर्ण करून घेतो. ब्लेंडर तसं करत नाही. जे तू ठरवलंच नव्हतंस ते तिथे उघडं पडतं. तेव्हा सॉफ्टवेअर बदलून हे सुटणार नाही. राहिलेलं ठरवायला बसावं लागेल, आणि सगळा वेळ त्यातच जातो.

तुझ्या बाजूच्या चित्रावर मी पट्टी ठेवली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत तुझ्या टायरचे बरोबर तीन व्यास बसतात. तुझ्या आकाराच्या गाडीचा व्हीलबेस 2500 मिलिमीटर धरला, तर टायर 833 मिलिमीटरचा होतो. आता घराबाहेर जाऊन तेवढ्याच मापाच्या कुठल्याही एसयूव्हीचा टायर वाच. 215/60 आर16 असं काहीतरी लिहिलेलं असेल : रुंदी 215 मिलिमीटर, रबराची उंची तिच्या 60 टक्के, आतली रिम 16 इंच. हिशेब केलास तर त्याचा व्यास 664 मिलिमीटर येतो, म्हणजे त्याच व्हीलबेसमध्ये पावणेचार व्यास. स्केचमध्ये गाडी दणकट दिसत होती ती या मोठ्या चाकांमुळे. मॉडेल करताना तू खरा टायर घातलास, आणि वरचं सगळं अंग मात्र मोठ्या चाकाच्या मापाचंच ठेवलंस. म्हणून ती बसकी आणि फुगलेली वाटते. तुझी नजर चुकलेली नाही, तिला खऱ्या मापांची सवय नाही एवढंच.

टायर मोठाच घ्यायचा म्हटलं तरी तो वळला पाहिजे, खड्ड्यात वर-खाली झाला पाहिजे. तेवढी पोकळी चाकाभोवती सोडायची तर ती पुढच्या माणसाच्या पायांतून काढावी लागते. तो माणूस मागे सरकला की मागच्याचे गुडघे अडकतात. त्याला मागे न्यावं तर डिकी जाते. आणि लांबी वाढवायची सोय नाही, कारण 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून छोट्या गाडीच्या करसवलतीची रेघ 4000 मिलिमीटरवर आखली गेली. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांची पाठ कापल्यासारखी दिसते ती त्यामुळेच. या सगळ्या जुळणीला आम्ही पॅकेज म्हणतो. त्याची सुरुवात होते बसलेल्या माणसाच्या कमरेच्या सांध्यापासून, ज्याला एच पॉइंट म्हणतात. तो जमिनीपासून किती उंच, हे ठरलं की छत, काच, दार, पायरी सगळं त्याच्या मागे येतं. तुझ्या मॉडेलमध्ये माणूसच नाही. आधी त्याला बसव.

किती वेळ लागतो, याचं एक उत्तर नाही. जुन्याच गाडीचा चेहरा बदलायचा असेल तर वर्ष-दीड वर्षात होतं. खालचा सांगाडा तयार असेल आणि वरचं अंग नवं असेल तर जास्त. सगळंच नवं असेल तर तीन-चार वर्षं धरून चालावं. त्यातला मोठा हिस्सा चाचण्या, पत्रा दाबायच्या डाय आणि कारखान्याची तयारी यांत जातो. आकार पक्का करायला साधारण पहिलं वर्ष-दीड वर्ष मिळतं, पण ते कंपनीच्या पैशावर, घाईवर आणि वरच्या माणसांच्या धीरावर अवलंबून असतं. विजेवरच्या गाडीत इंजिन नसल्याने पुढचा भाग मोकळा होतो, पण बॅटरी पायाखाली येते आणि गाडीची आतली जमीन वर उचलली जाते. अडचण एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते.

मी सगळ्यात जास्त वेळ कुठे घालवतो ते सांगतो. स्केचच्याही आधी. कुणासाठी, कशासाठी, हे एका परिच्छेदात लिहिण्यात.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण फ्रान्समधलं आहे. 1930 च्या दशकात सित्रोएन या मोटार कंपनीचे प्रमुख प्येर-ज्यूल बुलांजे यांनी खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी गाडी मागितली. दोन शेतकरी आणि 50 किलो बटाटे घेऊन ती ताशी 60 किलोमीटरने जावी, आणि नांगरलेल्या वावरातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत. मध्ये महायुद्ध आलं. 1948 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी, टू सीव्ही, लोकांसमोर आली, आणि 1990 पर्यंत बनत राहिली. तिचा आकार देणारा फ्लामिनियो बेर्तोनी मुळात शिल्पकार होता. त्या गाडीची एकेक विचित्र दिसणारी गोष्ट, मऊ स्प्रिंगा, कापडाचं छत, उंच टोपी घालून बसता येईल इतकी डोक्यावर जागा, त्या अंड्यांच्या आणि बटाट्यांच्या वाक्यातून आलेली आहे. मला त्यात रावेर-सावद्याचा केळीवाला दिसतो. त्याच्यासाठी कुणी असं वाक्य अजून लिहिलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी पाचोऱ्याला नात्यातलं लग्न होतं, मे महिन्यातलं. मी मंडपाच्या दाराशी उभा राहून दोन तास फक्त गाड्यांतून उतरणारी माणसं बघितली. एक मावशी बघून म्हणाल्या, "इतलं काय देखी राहिना रे?" मी बघत होतो ते असं : उंच गाडीतून उतरताना म्हातारी बाई आधी दाराची चौकट धरते, मग सीटच्या पाठीला हात लावते, मग पाय खाली सोडते आणि तो टेकत नाही. क्षणभर ती अधांतरी असते. तेवढ्यात साडीचा काठ दाराच्या खालच्या उंबऱ्याला घासतो, आणि तिथे चिखल असतो. बहुतेक जणींच्या काठावर तोच एक पट्टा उमटलेला होता. आणि सावलीत उभी केलेली गाडी असली तरी आत बसलेला प्रत्येकजण पहिल्यांदा काच खाली करत होता, मग एसी लावत होता.

पुढच्या प्रकल्पात मी दारच खालपर्यंत उतरवून उंबरा झाकायचा आग्रह धरला, तो त्या दोन तासांमुळे. दाराचं वजन वाढलं, रबराची एक पट्टी वाढली, त्यावर तीन बैठका झाल्या. पण ते झालं. भुसावळ-जळगावला पारा 45 च्या वर जातो, तिथे समोरची काच किती झोपवायची हाही मला दिसण्यापुरता प्रश्न वाटत नाही. काच जितकी आडवी, तितका तिचा आकार मोठा, तितकं डोक्यावरचं ऊन थेट आत आणि तितका लांब डॅशबोर्ड तापत पडलेला. वाऱ्याला आडवी काच बरी, आतल्या माणसाला उभी बरी. मधला अंश शोधायला आठवडे लागतात आणि ते लागू द्यावेत.

आता त्या अकरा दिवसांकडे येतो, कारण तुझ्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे.

हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत गाडीच्या अंगावरून जी रेषा जाते तिला आम्ही खांद्याची रेषा म्हणतो. माझ्या एका गाडीवर मी ती अगदी सरळ ठेवली होती. संगणकावर तिचा वक्रतेचा आलेख निर्दोष होता. मशीनने पूर्ण मापाचं मातीचं मॉडेल कोरलं, आम्ही दहा मीटर मागे गेलो, आणि रेषा मागच्या दारावर खाली पडलेली दिसली. पाठ मोडलेल्या बैलासारखी. मोजली तर सरळच. दोन दिवस मी मोजमाप घेऊन वाद घातला. तिसऱ्या दिवशी आमच्या सर्वांत जुन्या मॉडेलरने मला काही न बोलता मागे नेलं, हातात काळी टेप दिली आणि म्हणाला, तुझ्या डोळ्याला सरळ वाटेल अशी लाव. मी लावली. मोजली तेव्हा मध्यावर सहा मिलिमीटर वर गेलेली होती.

खाली चाकांच्या कमानी आणि वर छताचा बाक असताना त्यांच्यामधली लांब सरळ रेषा डोळ्याला झोळ पडलेली वाटते. म्हणून तिला हलकी उचल द्यावी लागते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ही गाडी, ही लांबी, हे छत, यांना किती उचल हवी हे पुस्तकात नसतं. आम्ही दोन मिलिमीटरने सुरुवात केली, मग चार, मग सहा. सहाला रेषा सरळ वाटली, पण तिच्याखाली दाराच्या कडीजवळ उजेड चिमटला. कारण रेषा वर गेली तर तिच्या आणि कडीच्या मधला पृष्ठभागही बदलायला हवा होता. तो बदलला तर पुढच्या फेंडरशी, म्हणजे चाकावरच्या पत्र्याशी, सांधा जुळेना. फेंडर सुधारला तेव्हा पाच मिलिमीटरच पुरे असं दिसलं. अकराव्या दिवशी सकाळी मी मॉडेलकडे पाहिलं आणि रेषा माझ्या लक्षातच आली नाही, नजर सरळ पुढून मागे गेली. तिथे थांबलो.

गाडीचा आकार डोळ्याला कळतो तो तिच्यावर पडलेल्या उजेडावरून. हे मला आधी कुठे कळलं होतं माहीत आहे? चाळीसगावला. शाळेच्या सहलीत छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी, आता जिथे त्यांचं संग्रहालय आहे तिथे, आम्हाला नेलं होतं. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून आणि त्यांच्यावर उजेड पाडून त्यांनी फोटोत अख्खे डोंगर आणि बर्फाळ माळ उभे केलेत. तेव्हा मला ती जादू वाटली. पुढे स्टुडिओत मातीच्या मॉडेलवर चकचकीत फिल्म ताणून बसवताना आणि लांबच लांब ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिच्यावरून सरकताना बघायला लागलो, तेव्हा ते फोटो आठवले. तू जळगावात आहेस, रेल्वेने तासाभराच्या अंतरावर ते संग्रहालय आहे. जा, आणि प्रत्येक फोटोत उजेड कुठून आलाय तेवढंच शोध.

मॉडेलची माती नदीची नसते. मेण, तेल आणि भुकटी यांचं ते मिश्रण. साधारण 60 अंशांपर्यंत तापवली की लोण्यासारखी लागते, थंड झाली की घट्ट बसते. ती वाळत नाही, तडकत नाही, म्हणून महिनोन्‌महिने खरवडता येते आणि परत भरता येते. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये 1927 साली हार्ली अर्लने डिझाइनचा वेगळा विभाग सुरू केला आणि ही पद्धत रुळवली. जवळपास शंभर वर्षं झाली. आता आमच्याकडे पृष्ठभाग घडवायचं एलियास हे सॉफ्टवेअर आहे, डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा लावून पडद्यावरच्या गाडीभोवती फिरता येतं, माती मशीन कोरतं. तरी बहुतेक स्टुडिओंत शेवटचा हात मातीवरच फिरतो. पडद्यावर गाडी नेहमी आपल्याला हव्या त्या आकाराची असते. समोर उभी असली की ती आपल्यापेक्षा मोठी असते, आणि तिथेच तिचं खरं वजन कळतं.

आणखी एक गोष्ट बघ, रस्त्यावर रोज दिसते आणि लक्षात येत नाही. कितीतरी गाड्यांच्या मागच्या दाराला, मागच्या टोकाला एक छोटी तिकोनी काच असते, ती उघडत नाही. का? दाराची काच खाली जाते ती दाराच्या पोटात. मागच्या दाराचा खालचा कोपरा चाकाच्या कमानीने खाल्लेला असतो, तिथे अख्ख्या काचेला जागा नसते. म्हणून ती कापून मागचा तुकडा पक्का बसवतात. शिवाय काच ज्या कमानीतून खाली सरकते त्याच कमानीचा बाक काचेला हवा, आणि तोच बाक मग गाडीच्या कुशीला येतो. 1991 च्या टाटा सिएराला मागे दारच नव्हतं, काच उघडायचीच नव्हती, म्हणून ती छतापर्यंत वळवून नेता आली. तीस वर्षांनीही लोकांना ती काच आठवते. तुझ्या स्केचमध्ये मागच्या दाराची काच एकसंध आहे आणि कमान दाराच्या मध्यापर्यंत आलेली आहे. ती काच कुठे उतरणार हे ठरवताना तुझं डिझाइन बदलेल, आणि माझ्या अनुभवाने ते सुधारेल. अडचणीतून आलेला तुकडा बहुतेक वेळा हौसेने काढलेल्या तुकड्यापेक्षा बरा निघतो.

आता एआय. आमच्याकडेही वापरतात, मीही वापरलंय. सुरुवातीला मनातली दिशा दुसऱ्याला दाखवायला ते उपयोगी आहे. पण चित्रं मिळणं हा आमच्या कामातला रखडणारा भाग कधीच नव्हता. चांगला हात असलेला मुलगा आठवड्यात शंभर स्केचेस भिंतीवर लावतो. रखडतं ते त्या शंभरांतलं कोणतं जगवायचं इथे, आणि मग ते जगवताना. एआयच्या चित्रातला ड्रायव्हर कुठे बसलाय हे चित्रालाच माहीत नसतं, त्याची काच कुठे उतरते हेही नाही. तू आत्ताच पन्नास चित्रांतून निवडायला लागलास तर निवडायची नजर येणार कुठून? आधी एक गाडी स्वतः शेवटापर्यंत ने.

कशी ते सांगतो. तुझ्याकडे स्टुडिओ नाही, महागडी माती नाही, त्याची गरजही नाही.

घरातली किंवा शेजाऱ्याची एक गाडी मीटरटेपने मोज. व्हीलबेस, टायर, छताची उंची, उंबऱ्याची उंची, सीटची उंची, सगळं. एका वहीत लिही. मग घराच्या लांब भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवून त्यावर तीच गाडी बाजूने पूर्ण मापात काढ, पण पेन्सिलीने नको, टेपने. गावात नंबरप्लेट आणि गाड्यांवर नावं करणारा रेडियमवाला असतो, त्याच्याकडे बारीक काळी टेप मिळेल. एका हाताने रोल ताणून धरायचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबत जायचं. ताणलेली टेप हातापेक्षा चांगला बाक शोधते. नाही आवडली तर उचलून पुन्हा लावायची, म्हणून तिच्यावर जीव जडत नाही. पूर्ण मापाची का? कारण 1:10 मध्ये तुला जी चूक दिसत नाही, ती चार मीटरवर झोपू देत नाही.

तिथे मोजलेली गाडी नीट जमली की तीच मापं, तोच माणूस ठेवून त्यावर तुझी गाडी लाव. रोज एकच रेषा. संध्याकाळी लावायची, सकाळी उठल्यावर दात घासत पहिल्यांदा तिच्याकडे बघायचं. सकाळची पहिली नजर खोटं बोलत नाही, दुपारपर्यंत आपण चुकीला सरावतो. सकाळी जे खुपलं ते वहीत तारखेसह लिहायचं. दुरुस्त संध्याकाळीच करायचं, लगेच नाही.

मग 1:10 चं मॉडेल. आत थर्मोकोल, वर दीड-दोन सेंटिमीटर मॉडेलिंगची माती. शाडू वापरू नकोस, पोळ्याचे बैल होतात तिचे, पण ती वाळताना आक्रसते आणि तडकते. औद्योगिक माती परवडत नसेल तर तेलातली प्लॅस्टिसीन चालेल. उन्हाळ्यात आपल्याकडे ती दुपारी हाताखाली पळते, म्हणून पहाटे काम कर. एकच बाजू कर, मधोमध आरसा उभा धर, दुसरी बाजू दिसेल. पृष्ठभाग जमला की त्याच रेडियमवाल्याकडून चकचकीत काळी फिल्म आण, थोडी गरम करून ताणून बसव आणि ट्यूबलाइटखाली हळूहळू फिरव. उजेडाची पट्टी जिथे अडखळेल तिथे फिल्म काढून खरवड. याला दोन-तीन महिने जातील. कॉलेज सांभाळून सहा महिने धर.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात मोबिलिटी अँड व्हेइकल डिझाइन आहे, त्यासाठी सीड परीक्षा. एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, स्वतःची प्रवेश परीक्षा असते, तिथला वाहनांचा अभ्यासक्रम गांधीनगरच्या आवारात चालतो. पुण्यात एमआयटी आहे. फी आणि शिष्यवृत्ती घरच्यांना बसवून नीट बघून घे, त्यात मी तुला घरची परिस्थिती माहीत नसताना सल्ला देणार नाही. मुलाखतीला मात्र पन्नास चकाचक चित्रांपेक्षा ती तारखांची वही घेऊन जा. मी अशा मुलाखतींत समोरच्या बाजूला बसलोय. एक मुलगी एकाच दाराच्या चौदा चुका तारखांसकट घेऊन आली होती. आम्ही तिला तासभर सोडलं नाही.

ब्लेंडर येतं तेवढं पुरे आहे आत्ता. एलियास कॉलेजात शिकवतील.

भिंतीवरची पहिली रेषा लागली की इथेच फोटो टाक. फोटो जवळून घेऊ नकोस, चाकं फुगतात. जितकं मागे जाता येईल तितकं जा, झूम कर, कॅमेरा चाकाच्या मध्याच्या उंचीवर धर. आणि त्याच रेषेचा दुसऱ्या दिवशी सकाळचा फोटोही टाक.